बादशाही वाडग्यातलं लाल पाणी

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतलं सभागृह त्या रविवारी सकाळी नऊलाच भरलं होतं. मंचावर मखमलीवर पिवळसर चिनी मातीचा वाडगा, आणि त्यामागे जरीची टोपी घातलेला अभयराज.

"ये कटोरा मामूली नाही, माऊली! बादशहाच्या जेवणाच्या दस्तरखानावरचा आहे. सोनोग्राफी चुकेल, कटोरा चुकणार नाही!"

रोग्यानं वाडग्यावर हात धरायचा. अभयराज सुरईतून स्वच्छ पाणी ओतायचा आणि ते बघता बघता लालभडक व्हायचं. अंगातलं विष म्हणे! मग सात दिवस अभयराजनं दिलेला काढा घ्यायचा, डॉक्टरच्या गोळ्या बंद. सातव्या दिवशी पाणी लाल व्हायचं नाही. विष उतरलं! लोक हात जोडायचे.

मी कमलाकांत विजयकर, कॉलेजात मुघलांचा इतिहास शिकवून निवृत्त झालेला. मला हे थोतांड पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पण अभयराजनं मला मंचावर बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि विचारलं, "सर, मुघल बादशहांकडे विष ओळखणारी भांडी होती की नाही?"

तशी नुसती समजूत होती, हे सांगायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

"होती," मी म्हणालो. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी शाल घेऊन घरी आलो.

पहिल्या रांगेत रखमा बसली होती. तीस वर्षं आमच्या दारी मासळी आणणारी कोळीण. तिला मधुमेह होता.

तीन आठवड्यांनी ती लंगडत आली. पायाची दोन बोटं काळी पडली होती.

"गोळ्या?" माझी बायको दुर्गा ओरडली.

"सोडल्या ना, वैनी. कटोऱ्यात इख निघालं. न् मास्तरच बोलले, खरं हाय म्हणून."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही, हेच मला सोसवेना. आम्ही तिला तसंच इस्पितळात नेलं. दोन्ही बोटं कापावी लागली.

तिची साडी दुर्गानं धुवायला घरी आणली. सातव्या दिवशीचं 'शुद्ध' पाणी अभयराजनं तिच्यावर शिंपडलं होतं, त्याचे पदरावर पिवळे डाग होते; प्रसाद म्हणून तिनं तो पदर धुतलाच नव्हता. दुर्गानं साबण लावला आणि डाग लाल झाले.

"अहो, ही तर हळद! हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच करतात. वाडग्याला आतून हळद फासलेली असणार आणि सुरईत चुन्याची निवळी. सातव्या दिवशी नुसतं साधं पाणी."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मंचावर चढलो.

"सर, कटोऱ्याचा अपमान होईल!" अभयराज आडवा आला.

"होऊ दे," म्हणत दुर्गानं वाडग्यावर हात धरला. मी नळाचं पाणी ओतलं. पाणी पिवळंच राहिलं. मग त्याच पाण्यात, तोच हात वर असताना, मी त्याच्या सुरईतली धार सोडली. पाणी लालभडक झालं.

मी माइक घेतला.

"विष ना दुर्गाच्या अंगात, ना रखमाच्या. हळद आणि चुना, एवढंच. आणि त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. विष ओळखणारी भांडी ही नुसती समजूत होती. अकबराचं जेवण त्याच्यापुढे जाण्याआधी माणसं चाखून बघत. भांडंच विष ओळखत असतं, तर माणसांची काय गरज होती? मला हे ठाऊक होतं. मी टाळ्यांसाठी 'होती' म्हणालो आणि रखमाची बोटं गेली."

मागच्या दारानं निसटणाऱ्या अभयराजला वाडीच्या दत्ताराम वॉचमननं धरलं. पोलिसांत तक्रार मी स्वतः दिली. त्यात माझंही वागणं लिहिलं.

रखमा आता पुन्हा मासळी विकते, पण बसून. एकदा पापलेट साफ करता करता तिनं विचारलं, "तवाच का नाय बोललात, मास्तर?"

त्याच संध्याकाळी मी वही उघडली.

म्हणून हे लिहितोय. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा: पाणी कुठलं, भांड्याला काय लावलंय? डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि खरं ज्याला ठाऊक आहे, त्यानं ते तिथंच, सगळ्यांसमोर बोलावं. लबाडी अभयराजची होती. पण लोकांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर.