काशीला सोडलेला खाजा

काशीला गेलेल्या माणसानं एखादा आवडीचा पदार्थ तिथं कायमचा सोडून यायचा असतो, ही रीत सगळ्यांना ठाऊक असते आणि तिच्यातून पळवाट कशी काढायची तेही सगळ्यांना ठाऊक असतं. सुलक्षणाचा भाऊ जयवंत आईच्या अस्थी घेऊन मे महिन्यात काशीला गेला, तेव्हा घाटावर त्यानं सुरण सोडला. सुरणानं त्याचा घसा खवखवायचा. त्याच्या बायकोनं, जयंतीनं, पडवळ सोडलं. तिच्या बोरिवलीच्या स्वयंपाकघरात पडवळ शेवटचं कधी शिजलं होतं देव जाणे! मग गुरुजी सुलक्षणाकडे वळले. चोपन्न वर्षांची, बिनलग्नाची, मुलुंडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवणारी बाई ती. खोटं उत्तर तिच्या तोंडून निघेना. ती म्हणाली, "खाजा."

गुरुजींच्या डोळ्यांपुढे त्यांच्याकडचा पापुद्र्यांचा खाजा आला असणार. हिच्या मनात होता तो मालवणी. बेसनाच्या करंगळीएवढ्या कांड्या तळून आलं घातलेल्या गुळात घोळवलेला, आणि तोही लवूच्याच दुकानातला. जयंती परतताना गाडीत हसली. म्हणाली, वन्सं, एवढं खरं कशाला बोलायचं? सुलक्षणानं खिडकीबाहेर पाहिलं. खरं कारण तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

लवू पूर्वी लालबागला गिरणीत होता. ब्याऐंशीचा संप लांबला, नोकरी गेली, तेव्हा त्याची बायको राधा म्हणाली, माझ्या माहेरचे जत्रेत खाजा विकायचे, मला करता येतो. दोघांनी मुलुंड पूर्वेला शाळेच्या मागच्या गल्लीत हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं दुकान टाकलं. दर शुक्रवारी दुपारी नवा घाणा निघायचा. कढईच्या तळाशी पाच-सहा कांड्या एकमेकींना चिकटून त्यांचा गुळात बुडालेला गोळा व्हायचा. गिऱ्हाईक तसले गोळे घेत नाही. सुलक्षणाला मात्र तेच हवे असत आणि लवू ते तिच्यासाठी बाजूला काढून ठेवी.

बाईंनी रस्त्यात उभं राहून खाल्लं आणि एखाद्या विद्यार्थिनीनं पाहिलं तर सोमवारी वर्गात पंचाईत. म्हणून लवू तिला आत बोलावी, फळीमागे बेसनाचा डबा उपडा घालून त्यावर बसवी. कोमट गुळानं बोटं चिकट होत, आल्यानं डोळ्यांत पाणी येई. गणिताच्या बाई एखाद्या पोरीसारख्या बोटं चाटत. खाता खाता लवू विचारी, आई कशा आहेत, रात्री झोप लागली का, शाळेत काय नवीन. एवढंच. पण हे एवढंच तिला आठवडाभरात दुसरं कोणी विचारत नसे. अंथरुणाला खिळलेली आई बोलण्याच्या पलीकडे गेली होती आणि जयवंत मनीऑर्डर पाठवून मोकळा होत होता.

फेब्रुवारीत आई गेली. तिसऱ्या दिवशी जयवंत अस्थी गोळा करायला स्मशानात गेला होता, जयंती आतल्या खोलीत आडवी झाली होती. दाराची कडी वाजली. बाहेर लवू उभा होता, हातात पुडी. आज शुक्रवार असून बाई आल्या नाहीत, म्हणजे ताप-बीप आला असणार, असा त्यानं हिशेब केला होता. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. सुलक्षणानं पुडी घेतली आणि दार लावलं. जिन्यात शेजारच्या सुहासिनीबाईंनी लवूला गाठून काय झालंय ते सांगितलं, ते तिला दाराआडून ऐकू आलं.

सुतकाच्या घरात गोडाचा कण चालत नाही. ती पुडी तिनं कोणाला तरी देऊन टाकायला हवी होती. ती आईच्या जागी लावलेल्या दिव्यासमोर बसली आणि तिनं पुडी सोडली. अजून ऊब होती. तिनं एक तुकडा मोडला, मग दुसरा. मग रडत रडत तिनं सगळा खाल्ला आणि शेवटी कागदाला लागलेला गूळसुद्धा बोटानं पुसून घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. आणि आई जाऊन तीन दिवस झाले नाहीत तोवर आपल्याला बरं वाटलं, याची तिला एवढी शरम वाटली की तेरावा झाल्यावरही त्या गल्लीत जायचं तोंड तिला राहिलं नाही. काशीला तिनं खाजा सोडला तो प्रायश्चित्त म्हणून.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सुलक्षणा स्टेशनकडून वळसा घालून घरी जाऊ लागली. खाजा नाही खाल्ला म्हणून कोणी मरत नाही. पण घरी येऊन ती कुलूप उघडायची, चहा करायची, वह्या तपासायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होईपर्यंत तिच्याशी कोणी एक शब्द बोलायचं नाही. एका रविवारी भाजीवाल्याशी बोलताना आपला आवाज घोगरा आलाय हे तिला जाणवलं. शनिवारपासून तो वापरलाच नव्हता. आपण घाटावर नेमकं काय सोडून आलो ते तिला तेव्हा कळलं. नुसता खाजा असता तर कितीतरी स्वस्तात सुटलो असतो, असं तिला वाटलं. लवूला जाऊन सांगावं तर सुतकातलं सगळंच सांगावं लागणार, आणि ते जिभेवर येईना.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दुपारी राधा दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मोठे दीर गेले, गावी आता घर बघायला कोणी नाही, दुकान सोडलं, उद्या सकाळच्या एस.टी.नं निघतोय, असं तिनं भराभर सांगितलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, ह्यांका खराच म्हायत नव्हता. सुतकाच्या घरात गोडाचा घेऊन इले. तेव्हापासून तुम्ही दुकानात येणा सोडलात. हेंच्या जिवाक लय लागला हा. माफी मागूक येवचा धाडस होय ना, म्हणून माका धाडल्यानी."

नऊ महिने सुलक्षणा आपल्या लाजेला कुरवाळत बसली होती, आणि तिकडे तो माणूस तिच्या रागाचं ओझं वाहत होता. जो राग तिला कधी आलाच नव्हता. तिनं पायात चपला अडकवल्या आणि राधाच्या पुढे चालू लागली.

दुकान बरंचसं रिकामं झालं होतं. भांडी पोत्यात बांधलेली, फळीवर शेवटच्या घाण्याचा उरलेला खाजा. तिला पाहून लवू गडबडून उठला. त्यानं डबा उपडा घातला, खांद्यावरच्या पंच्यानं पुसला. ती बसली. त्यानं सवयीनं कागदावर एक गोळा ठेवून पुढे केला, तेव्हा तिनं काशीचं सांगितलं. लवूचा हात तसाच राहिला. त्याला वाटलं, माफी नाहीच मिळाली.

"तुम्ही खा, लवूभाऊ," ती म्हणाली. "मी बसते इथं."

इतक्या वर्षांत तिनं लवूला स्वतःचा खाजा खाताना पाहिलं नव्हतं. तो उभ्यानंच खाऊ लागला, सावकाश, मान खाली घालून. तिनं विचारलं, कसा झालाय?

"आला जरा कमी पडला, बाई."

"त्या दिवशीच्या पुडीत बरोबर होतं," सुलक्षणा म्हणाली.

लवूचं तोंड चालायचं थांबलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो डोळे पुसायला भिंतीकडे वळला. संध्याकाळी पोती उचलायला टेम्पो आला, तोवर सुलक्षणा त्या डब्यावरून उठली नाही.