डावा फोटो, उजवा फोटो

स्टुडिओतला जुना कॅमेरा गेला तेव्हा त्याच्यासमोर एक नवं जोडपं हात हातात घालून उभं होतं. दादानं बटण दाबलं, आतून ‘कट्’ असा सुकी काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि शटर अर्ध्यावरच अडकलं. आठ वर्षांत त्या कॅमेऱ्यानं चार लाखांवर फोटो काढले होते. दुरुस्तीवाल्यानं तो कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाला, “दादा, याला आता आराम द्या.”

नवा घ्यायचा तर कुठला, यावरून घरात जुंपली. घरात म्हणजे स्टुडिओतच. खाली काउंटर, मागे फोटोची खोली, वर जिन्याच्या तोंडाशी कॉम्प्युटरची खोली, आणि तिच्या वर हे तिघं राहायचे. दादा, वहिनी आणि दादाची बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणायचे. चौतीस वर्षांची झाली तरी धाकटीच.

दादाच्या मनात मोठा कॅमेरा भरला होता. मोठा सेन्सर, जाडजूड अंग, हातात घेतला की समोरचा माणूस आपोआप ताठ बसेल असा. धाकटीचं म्हणणं होतं, छोटाच घ्यावा.

“आपल्याकडची चारही लेन्स छोट्या सेन्सरची आहेत,” ती म्हणाली. “मोठ्यावर लावली तर फोटोचे चारही कोपरे काळे येतील. मग लेन्सही नवी घ्या. शिवाय छोटा फोकस पटकन धरतो. शाळेतली पोरं काय पुतळ्यासारखी बसतात?”

“फोकस!” दादा हसला. “मी मशीनच्या भरवशावर राहत नाही गं. माझा फोकस माझ्या बोटांत आहे.” मग काउंटरवरच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, “आमची धाकटी कॅमेऱ्यावर बोलतेय. हिनं फोटो काढला की भूकंपाची नोंद होते.”

गिऱ्हाईक हसलं. वहिनीही हसली, सवयीनं. धाकटी जिना चढून वर गेली.

या भूकंपाला पंधरा वर्षं झाली होती. एकोणिसाव्या वर्षी मावसबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो काढायला दादानं तिला एकटीला पाठवलं होतं. पहिलीच वेळ, हात थरथरले, निम्मे फोटो हलले. एखाद्यानं चार शिव्या दिल्या असत्या आणि पुन्हा कॅमेरा हातात दिला असता. दादानं त्यातला सगळ्यात वाईट फोटो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि तिच्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर ठोकला. “शिकायला,” म्हणाला. त्यानंतर त्यानं तिला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. ती वर बसायची आणि दादानं काढलेले फोटो साफ करायची. कुणाचे मुरूम, कुणाची डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाची दुसरी हनुवटी. मान वर केली की तो हललेला फोटो.

दादा वाईट माणूस होता असं गावात कुणी म्हटलं नसतं. कामाला चोख, शब्दाला पक्का. फक्त स्वतःच्या कामावर माशी बसू द्यायचा नाही, आणि धाकटी ही त्याच्या दृष्टीनं माशीच होती.

पण दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दादाच्या फोटोंत डोळे सापडत नव्हते. आधी वाटलं, एखादा चुकला असेल. मग दिसायला लागलं, की नवऱ्याचा कान लख्ख आहे आणि चेहरा धुरकट. पुढच्या रांगेतली पोरं पुसट आणि मागच्या भिंतीवरचा सूचनाफलक वाचता येतो. दादा रिंग हातानं फिरवायचा, डोळा बारीक करायचा, “हं, आला,” म्हणायचा, आणि फोकस भलतीकडेच पडलेला असायचा.

ती बोलली नाही. मुकाट्यानं नीट करत गेली. जे धारदार करता येईल ते केलं. जे होईना तिथं दुसऱ्या फोटोतले डोळे उचलून आणून बसवले. एका नवरीच्या चेहऱ्यावर तिच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या पासपोर्ट फोटोतले डोळे होते, कुणाला पत्ता लागला नाही. अल्बम गेले, लोक खूश झाले, दादाची वाहवा झाली. आणि दर वाहवेला दादा जिन्याकडे बघून म्हणायचा, “ऐकलंस का गं, वर?”

कॅमेऱ्याच्या दुकानवाल्यानं तोड काढली. “दोन्ही मॉडेल एक दिवस घेऊन जा. काम करून बघा, प्रिंट काढा, मग ठरवा.” त्याच दिवशी शाळेचं काम होतं. शाळेच्या मोठ्या बाईंना वर्षभरासाठी एक स्टुडिओ ठरवायचा होता, आठशे मुलांचं काम, आणि त्यांनी नमुना म्हणून एका वर्गाचा फोटो मागितला होता. मोठ्या कॅमेऱ्यासाठी दुकानवाल्यानं त्याला चालेल असं लेन्सही बरोबर दिलं आणि स्वतःही आला.

चाळीस पोरं तीन रांगांत बसवली. दादानं दोन्ही कॅमेऱ्यांवर दोन-दोन फोटो काढले, रिंग हातानं फिरवून. काम झाल्यावर दुकानवाला सहज म्हणाला, “ताई, तुम्हीही एकेक काढून बघा ना.”

“काढू दे, काढू दे,” दादा म्हणाला. “तेवढंच मशीन किती हादरे सोसतं ते कळेल.”

पोरं हसली. धाकटीनं मोठा कॅमेरा उचलला. फोकस आपोआप धरू दिला, मधल्या रांगेतल्या एका मुलीच्या डोळ्यावर ठिपका टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

दुपारी ती वरच्या खोलीत बसली. पडद्यावर दादाचा फोटो उघडला. चाळीस चेहरे तुपात बुडवल्यासारखे, आणि मागे भिंतीवरच्या वेळापत्रकातला एकेक तास वाचता येत होता. तिचा हात सवयीनं कामाला लागला. एक चेहरा उचलला, दोन कळा दाबल्या. तासाभराचं काम होतं. तेवढ्यात खालून दादाचा आवाज आला. तो दुकानवाल्याला साखरपुड्याची गोष्ट सांगत होता, भूकंपासकट. दुकानवाला हसत होता.

धाकटीनं केलेलं पुसून टाकलं. फोटो जसा होता तसा प्रिंटला दिला. दुसरा आपला दिला. दोन्ही मोठ्या आकारात. ते मशीनमधून हळूहळू बाहेर येत असताना ती शेजारी उभी राहिली. मनात राग असा काही नव्हता, हे तिचं तिलाच नवल वाटलं. एक थंडगार उत्सुकता होती फक्त, उकळत्या पाण्यात बोट घालून बघावं तशी. बोट मात्र दुसऱ्याचं.

चार वाजता मोठ्या बाई आल्या. काउंटरपाशी वहिनी होती, दुकानवाला होता, ओळखपत्राचे फोटो काढून घ्यायला आलेले दोघंतिघं होते. धाकटी खाली आली आणि दोन्ही प्रिंट काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले.

“दादा, कुठला कुणाचा ते मी सांगत नाही. नुसतं बघ आणि यातला चांगला कुठला ते सांग. जो म्हणशील तो कॅमेरा घेऊ.”

दादा खुलला. त्यानं चष्मा सारखा केला, डावा प्रिंट हातात धरला, लांब नेला, जवळ आणला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

“हे काय विचारायचं झालं?” तो म्हणाला. “हा. डावा. मोठ्याचाच आहे हा, मी अंधारात ओळखीन. बघा बाई, पोरांच्या डोळ्यांत कसा जीव आलाय. उजवा ठीक आहे, पण मेलेला.”

मोठ्या बाईंनी वाकून डावा प्रिंट पाहिला, मग दादाकडे पाहिलं.

“कुणाच्या डोळ्यांत?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांच्याच की.”

“दादा,” धाकटी म्हणाली, “आता उजव्यात बघ. मधल्या रांगेत डावीकडून चौथी मुलगी आहे ना, तिला चष्मा आहे का?”

वहिनी पटकन म्हणाली, “असू दे गं आता.”

“असू दे कशाला? दादा, सांग ना. चष्मा आहे का?”

दादानं उजवा प्रिंट नाकाशी आणला. “नाही,” तो म्हणाला.

“आहे. आणि तिच्या शेजारचा मुलगा? तो हसतोय की जीभ दाखवतोय?”

“हसतोय.”

“तिच्या शेजारी मुलगा नाहीच आहे. मुलगीच आहे, दोन वेण्यांची.”

ओळखपत्रवाल्यांपैकी एक जण फिस्सकन हसला. इथं थांबता आलं असतं. धाकटीला ते कळत होतं. दादाच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्याचं बोट प्रिंटवर ती मुलगी शोधत चुकीच्या रांगेत फिरत होतं.

“आणि कॅमेऱ्याचा दोष नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “दोन्ही फोटो मोठ्याच कॅमेऱ्याचे आहेत. डावा तू काढलास. उजवा मी.”

दादानं दोन्ही प्रिंट खाली ठेवले. काउंटरची कड चाचपली, ती धरून वळला आणि फोटोच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मोठ्या बाईंनी उजवा प्रिंट पिशवीत घातला आणि धाकटीला म्हणाल्या, “सोमवारी शाळेत या. तुम्हीच या.” ओळखपत्रवाले खोळंबले होते. धाकटीनं छोटा कॅमेरा उचलला, आत गेली, दादाला म्हणाली, “जरा सरक, फोटो काढायचेत.” तो सरकला.

चौथ्या दिवशी वहिनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. धाकटीही गेली. डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या करून तपासलं, यंत्रावर डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. उजव्या डोळ्याच्या नजरेचा मधला भाग गेला होता. डाव्याचा अर्धा. आता इंजेक्शनं द्यायची ती राहिलेलं टिकवण्यासाठी, गेलेलं परत यायचं नाही.

“आधी जाणवलं नाही?” त्यांनी विचारलं. “सरळ रेघा वाकड्या दिसणं, चेहऱ्याच्या मध्ये डाग? दीड-दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं.”

“जाणवायचं कधीमधी,” दादा म्हणाला. “पण फोटो तर चांगले येत होते. लोक वाखाणत होते. मी म्हटलं, फोटो चांगले येतायत म्हणजे डोळे चांगलेच असणार.”

वहिनीनं हळूच मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटी भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ वाचत होती. तिला ती स्वच्छ दिसत होती.

घरी आल्यावर वहिनीनं तिला जिन्यात गाठलं.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“दोन वर्षं.”

“आणि बोलली नाहीस.”

“मला वाटलं, त्याचं त्याला कळेल.”

“खोटं बोलू नकोस माझ्याशी,” वहिनी म्हणाली. “तू वाट बघत होतीस.”

खरं तर धाकटीला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. पहिल्या वर्षी ती कीव करत होती, एवढं तिला आठवत होतं. कीव कधी संपली आणि वाट बघणं कधी सुरू झालं, ती तारीख कुठल्याच फाइलवर नव्हती. वहिनीनं त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं आणि ते पाळलं.

कॅमेरा छोटाच घेतला. लेन्स जुनीच चालली. शाळेचं काम मिळालं, पुढच्या वर्षी आणखी दोन शाळांचं. वर कॉम्प्युटरवर आता एक नोकर मुलगी बसते आणि तिला फारसं काम नसतं, कारण धाकटीचे फोटो मुळातच नीट येतात.

दादा काउंटरवर बसतो. आवाजावरून माणसं ओळखतो, गिऱ्हाइकाला पाणी विचारतो. त्याचा आवाज मऊ झाला आहे. वहिनीनं त्याला काही सांगितलेलं नाही, धाकटीनंही नाही. तेव्हा त्यानं आपल्यापुरता हिशेब जुळवून घेतला आहे आणि येईल त्याला तो सांगतो, कधी कधी तर डोळे भरून येतात त्याचे.

“दोन वर्षं माझे फोटो चुकत होते आणि मला कळू दिलं नाही हो पोरीनं. स्वतःचे डोळे फोडून एकेक चेहरा नीट केला. मी तिला काय काय बोललो असेन! पण तिनं माझा मान सांभाळला. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.”

गिऱ्हाइकं धाकटीकडे आदरानं बघतात. वहिनी पावती फाडत असते, तिचा हात क्षणभर थांबतो.

“हनुवटी जरा खाली,” धाकटी आतून म्हणते. “हं. हलू नका.”