पंधरा मिलीचा कप

मी औषधाच्या बाटलीवर उपडा बसवलेला प्लॅस्टिकचा कप बोलतोय. पाच, दहा आणि पंधरा अशा तीन रेषा माझ्या अंगावर आहेत. खोकल्याचं औषध मोजणाऱ्या माझ्या भावंडांना घरोघरी मान असतो. माझ्यातून जुलाबाचं सरबत मोजतात, म्हणून पाहुणे आले की मला लपवतात. त्याची लाज मला कधी वाटली नाही. आता तर मुळीच वाटत नाही.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, खोक्यात बसून ग्वाल्हेरला आलो आणि नई सडकेवरच्या औषधाच्या दुकानातून दौलतगंजात, सीमंतिनीबाई फाळक्यांच्या घरी. बाटली दोन-तीन दिवसांत संपायची, नवी यायची, तिच्यावर नवा कप असायचा. पण बाईंनी मलाच ठेवलं. ‘‘याच्या रेषा ठसठशीत आहेत,’’ म्हणाल्या. चौतीस वर्षं पोस्टात काढलेली बाई. माप, वजन, शिक्का यांत ढिलाई तिला खपायची नाही. आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांचे पिनकोड तोंडपाठ.

बाईंना लिव्हरचा आजार होता. दारूचा थेंब कधी घेतला नाही, तरी झाला. साखरेच्या आजाराबरोबर लिव्हरमध्ये चरबी साठत गेली आणि हळूहळू ते कडक झालं. आतड्यांत तयार होणारं विष निरोगी लिव्हर गाळून टाकतं. बाईंचं गाळत नव्हतं. ते रक्तातून थेट डोक्यात जायचं आणि माणूस भ्रमिष्ट व्हायचा. यावर उपाय एकच, ते विष पोटातच साठू द्यायचं नाही. म्हणून ते गोडमिट्ट, चिकट सरबत. दोन कप, दिवसातून तीनदा.

बाई ते मुकाट्याने घेत. पण एकदा बहिणीच्या नातवाचं बारसं फूलबागेजवळच्या हॉलमध्ये ठरलं. चारचौघांत उठून सारखं कुठे धावायचं? बाईंनी मला धुऊन ओट्यावर उपडं घातलं आणि दोन दिवस हात लावला नाही. बारसं झकास झालं. पाळणाही त्यांनीच म्हटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाई डबा घेऊन दारात उभ्या. निवृत्त होऊन सात वर्षं झालेली.

‘‘कुठे निघालीस?’’ त्यांचे यजमान रमाकांत म्हणाले.

‘‘ऑफिसला. टपालाची थैली यायची वेळ झाली.’’

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे रमाकांतांनी त्यांचे हात समोर धरायला लावले. पंजे पंख झाडल्यासारखे हलत होते. ‘‘भिंडचा पिन सांग बरं.’’

‘‘भिंड?’’ बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘भिंड कुणाचं?’’

सून गरिमानं बाटली आणि मला पिशवीत कोंबलं, रिक्षा बोलावली आणि आम्ही इस्पितळात पोचलो.

तिथे माझी गाठ पडली पावडरशी. ही पावडरही जुलाबाचीच, पण पाण्यात कालवून लिटरच्या हिशेबाने पाजायची. दोन्हींपैकी शुद्धीवर लवकर कोण आणतं, हे तरुण नावाचे डॉक्टर पडताळून पाहत होते. घरच्यांची सही घ्यायची आणि बंद पाकिटातून चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत निघेल ते औषध द्यायचं.

‘‘डॉक्टरसाहब, प्रयोग आहे का हा आईंवर?’’ गरिमानं विचारलं.

‘‘दोन्ही औषधं ओळखीची आहेत. जास्त लवकर काम कुणाचं, एवढंच बघायचंय,’’ ते म्हणाले. ‘‘नको वाटलं तर नाही म्हणा. नेहमीचं सरबत चालू करतो.’’

रमाकांतांनी सही केली. बाईंच्या चिठ्ठीत पावडर निघाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या चिठ्ठीत सरबत. मी सरबताच्या घरातला, तेव्हा मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो. नाकातल्या नळीतून बाईंना चार लिटर पाणी गेलं. अंथरुणं बदलून बदलून गरिमाचे हात दुखले. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘‘चार सात सात शून्य शून्य एक.’’

‘‘काय?’’

‘‘भिंड. काल विचारत होतात ना?’’

रमाकांत तोंड फिरवून चष्मा पुसत बसले. शेजारच्या बाईंना शुद्धीवर यायला आणखी दीड दिवस लागला. म्हणजे त्या दोन खाटांपुरती पावडर जिंकली. मी ते कबूल करतो. मोजणं हा माझा धर्म आहे. आपल्या घरचं हरलं म्हणून खोटं माप मी देणार नाही.

‘‘मग घरी पण पावडरच द्यायची ना?’’ गरिमानं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. ‘‘दोन खाटांवरून निकाल लागत नाही. आणि पटकन जागं करणं वेगळं, रोज जागं ठेवणं वेगळं. रोजच्यासाठी सरबताचा अनुभव मोठा आहे. दिवसात दोन-तीनदा मऊ साफ झालं पाहिजे. त्याहून जास्त नको, अंगातलं पाणी जाऊन पुन्हा घोटाळा होईल. मात्र एकही वेळ चुकवायची नाही, आई.’’

‘‘नाही चुकवणार,’’ बाई म्हणाल्या. त्यांचा इतका नरम आवाज मी आधी ऐकला नव्हता.

पण बाई इस्पितळात बरळत असताना मराठी मंडळाचे अध्यक्ष संग्रामसिंह त्यांना भेटून गेले होते. बाई अकरा वर्षांपासून त्या मंडळाच्या सचिव. अध्यक्षांनी दौलतगंजभर सांगितलं, वहिनींचं डोकं गेलं. कुणी म्हणालं, लिव्हर म्हणजे दारूच असणार. सभेची सूचना घरी आली. विषय एकच होता, नवीन सचिव.

बाई सभेला गेल्या. पर्समध्ये बाटली आणि मी. साडेचारला त्यांनी आम्हाला बाहेर काढून टेबलावर, पेढ्यांच्या खोक्याशेजारी ठेवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं पाहिली.

‘‘वहिनी, हे इथे?’’ संग्रामसिंह म्हणाले.

‘‘इथेच. वेळ झाली.’’ त्यांनी मला पंधराच्या रेषेपर्यंत भरलं, प्यायल्या, पुन्हा भरलं. ‘‘हे जुलाबाचं औषध आहे. माझं लिव्हर खराब आहे, दारूने नाही, डायबिटीसने. औषध चुकवलं तर माझं डोकं फिरतं. घेतलं तर नीट राहतं. मधेच उठून जावं लागेल. सभा थांबवू नका, आल्यावर काय ठरलं ते मी विचारून लिहीन.’’

मागच्या रांगेत कुणी खुदकन हसलं. बाईंनी तिकडे पाहिलं, तसं ते थांबलं.

‘‘पण पुन्हा असं झालं तर?’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘होऊ शकतं. त्यासाठी सहसचिव नेमा. तुमचा गुडघा बदलला तेव्हा तीन महिने तुम्ही आला नाहीत. आम्ही अध्यक्ष बदलला का?’’

तरी हात वर झाले आणि बाई सात विरुद्ध सहा अशा हरल्या. गरिमा दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मात्र वही ओढली आणि सरळ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘सचिव रोज जुलाबाचे औषध घेतात, या कारणावरून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. सचिवांचा विरोध नोंदवला.’ वही अध्यक्षांपुढे सरकवली.

‘‘सही करा.’’

संग्रामसिंहांनी दोनदा वाचलं. ‘‘हे कारण खोडा, वहिनी. चांगलं दिसत नाही.’’

‘‘घडलं ते लिहिलंय. दुसरं कारण असेल तर सांगा, तेही लिहिते.’’

अध्यक्षांनी पेन उघडलं, बंद केलं आणि खिशात ठेवलं. सही नाही, म्हणून ठराव पक्का झाला नाही. आज तेराव्या महिन्यातही तो तसाच आहे. तोवर सचिव सीमंतिनी फाळके.

माझी पाचची रेष आता पुसत आलीय. काठावर चीर आहे. दहा आणि पंधरा शाबूत आहेत, म्हणून मी कामावर आहे. त्या गेल्या की बाई मला खुशाल टाकतील, आणि त्यांनी टाकावंच; चुकीचं मोजणारा कप काय कामाचा?

मला तुमची कीव नको. एवढंच सांगतो. सभेत, लग्नात, पंगतीत कुणी मधेच उठून शौचालय कुठे म्हणून विचारलं, तर हसू नका. रस्ता दाखवा, आणि ते माणूस परत येईपर्यंत त्याची खुर्ची राखून ठेवा.