स्वयंपाकघरापासून दारापर्यंत

इंगवल्यांच्या फ्लॅटचं दार गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरापासून इतकं लांब गेलं, की कुंदाला घरातल्या घरात पायात काहीतरी घालून निघावं लागलं. चपला दाराशी, म्हणजे पार पलीकडच्या टोकाला. म्हणून तिनं नवऱ्याचे गॅलरीतले रबरी स्लीपर घातले, खांद्याला पिशवी अडकवली आणि फ्रिजपाशी उभी राहून म्हणाली, "मी निघाले. दार लागेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

मागच्या गॅलरीत तिचा नवरा जयसिंगराव आणि त्यांचा जुना मेकॅनिक अश्पाक मुजावर चहा पीत बसले होते. दोघांनी एकदम माना डोलावल्या. त्या माना कुंदाला चांगल्या ठाऊक होत्या.

प्रकार सुरू झाला सोमवारी. अश्पाकनं सहज विचारलं होतं, "दादा, सगळ्यात आवडता ट्रॅक कुठला वो तुमचा?" जयसिंगराव तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरायचे. पुढं गुडघा गेला, शर्यती सुटल्या, ट्रॅक काही सुटले नाहीत. परदेशातले, मासिकात पाहिलेले, टीव्हीवर पाहिलेले. ते मोनॅकोबद्दल बोलले. भर गावातला रस्ता, दोन्ही बाजूंना कठडे, स्टिअरिंग पार वळवल्याशिवाय न निघणारं वळण, आणि अंधाऱ्या बोगद्यातनं एकदम समुद्राच्या उजेडात. त्या संध्याकाळी कुंदा टॉवेल आणायला गेली तर पॅसेज फ्रिजला वळसा घालून माघारी फिरला होता आणि बाथरूम बोगद्यात गेलं होतं.

तिनं नवऱ्याला आणून दाखवलं.

"बघ की!" जयसिंगराव खूश होऊन म्हणाले.

"बघू काय? अंधार आहे. बल्ब लावा."

बल्ब लागला नाहीच. मंगळवारी ते आयल ऑफ मॅनबद्दल बोलले. तिथं शर्यत गावागावांतनं, घरांच्या दगडी कुंपणांना घासत जाते. तेव्हापासून कपड्यांच्या कपाटासमोर दगडी कुंपण होतं आणि त्यावर अनोळखी माणसं पाय सोडून भडंग खात बसलेली असायची. कुंदाला साडी काढायची झाली की ती माणसं पाय बाजूला घ्यायची, एवढं मात्र खरं. बुधवारी बेल्जियमचं स्पा झालं. उतारावरनं खाली ओढ्यापाशी यायचं आणि लगेच समोरचा चढ, वर काय आहे ते न बघता पूर्ण वेगात. "वर काय आहे ते दिसत नाही, म्हणूनच ते लक्षात राहतं," जयसिंगराव म्हणाले होते. त्या ट्रॅकवर म्हणे एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन असतं. कुंदाच्या दोरीवरचे निम्मे कपडे वाळले, निम्मे भिजले.

एरवी तिनं हेही सांभाळून घेतलं असतं. पण आज सांगलीत तिच्या थोरल्या बहिणीचं, उषाताईचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. चारला आत नेणार होते. काल फोनवर उषाताई एवढंच म्हणाली होती, "तू डोळ्यांना दिसलीस, की मी जाते आत."

कुंदा बोगदा ओलांडून उजेडात आली. कुंपणावरच्या लोकांनी पाय घेतले. एक बाई म्हणाली, "आज लांब निघालात?"

"सांगलीला. पण अजून घरातच आहे," कुंदा म्हणाली.

ओढ्यापर्यंत ती उतरली, चढाला लागली. स्लीपर दोन बोटं मोठे होते, फटक फटक वाजत होते. वर पोचल्यावर हॉलचा पडदा दिसायला हवा होता. दिसला एक पूल. तिनं फोन लावला.

"बोललात ना?"

"अगं, अश्पाकनंच विषय काढला," जयसिंगराव म्हणाले. "जपानचं सुझुका. जगात आठच्या आकड्यासारखे ट्रॅक असतात किती? रस्ता स्वतःच्याच डोक्यावरनं जातो!"

"तुम्हाला कळतंय का मला कुठं जायचंय?"

"वैनी, चुकी माझीच," मागनं अश्पाकचा आवाज आला.

"चूक कुणाची ते नकोय मला. दार पाहिजे."

ती पुलावर चढली. खाली वाकून बघितलं तर खालच्या रस्त्यानं ती स्वतःच चालली होती, मघाची, पिशवी सरळ, केस नीट, आता पोचेनच अशा चालीची. कुंदानं ओरडून सांगितलं, "इकडून नको येऊस! गॅलरीतनं गॅसवाल्याच्या जिन्यानं उतर!" खालच्या कुंदानं मान वर केली नाही. पुलावरच्या कुंदाला आठवलं, मघाशी वरनं कुणीतरी ओरडलं होतं खरं. तिला वाटलं होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या गोंधळेकर काकू असतील.

पूल उतरताना भाचीचा फोन आला. "मावशी, डॉक्टरांनी वेळ अलीकडं घेतली. आईला तयार केलंय. ती म्हणते, कुंदा दिसू दे. तू कुठं आहेस?"

"निघालेय," कुंदा म्हणाली. खोटं नव्हतं, आणि ते खोटं नाही याचाच तिला जास्त राग आला.

तिनं पुन्हा गॅलरीत फोन लावला. "एक विचारते, सरळ उत्तर द्या. मोनॅकोला गेलाय तुम्ही कधी?"

"नाही."

"त्या बेल्जियमला? जपानला?"

"कुंदा, तुला माहितीय."

"मग ज्या रस्त्यांवर तुमचं चाक कधी लागलं नाही, ते माझ्या घरात का? मी चालतेय त्यांच्यावर! तुम्ही खरंच चालवलेला ट्रॅक एक तरी सांगा, म्हणजे निदान मला दिसेल तरी शेवट कुठाय."

पलीकडं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग जयसिंगराव हळू आवाजात बोलले. "शोलावरम. मद्रासजवळ. लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी होती ती. चढ नाही, झाड नाही, काही नाही. नुसता सरळ सिमेंटचा रस्ता, आणि ऊन असं की लांबचं सगळं पाण्यासारखं हलायचं. नवीन पोरं फसायची. सरळच सरळ असल्यावर ब्रेक कुठं मारायचा ते कळत नाही. प्रत्येकाला काहीतरी खूण लागते. कुणी ड्रम धरायचा, कुणी खांब."

"आणि तुम्ही?"

"तू उभी असायचीस ना पाटी घेऊन. जांभळ्या साडीत. पाटीवरचं कधी वाचता आलं नाही मला. साडी दिसली की ब्रेक दाबायचा."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ती अख्खी दुपार खडूनं फेऱ्यांचे आकडे लिहीत उभी होती, आणि पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तिचे खांदे आठवडाभर दुखत होते.

समोर हॉलच्या भिंती निघून गेल्या होत्या. सपाट करडी धावपट्टी पसरली होती, आणि तिच्या टोकाला, हलत्या हवेत, त्यांचं चॉकलेटी दार. कडी दिसत होती. कडीखालचा चपलांचा स्टँडही दिसत होता.

"कुंदा," फोनमध्ये जयसिंगराव म्हणाले. त्यांच्या आवाजामागं इंजिन सुरू झालं होतं. "थांब तिथंच. मी येतो तुला एसटी स्टँडवर सोडायला."

थांब तिथंच. हे ऐकून ती कुठं कुठं उभी राहिली होती: सिनेमाच्या थिएटरबाहेर, माहेरच्या फाट्यावर, हॉस्पिटलच्या गेटशी, पोटुशी असताना, बाळ कडेवर असताना. या 'तिथंच'ला कधी सावली नसायची. ती चालत राहिली. ऊन सिमेंटवरनं वर येऊन तोंडावर मारत होतं.

दारापासून थोडं अलीकडं, रस्ता जिथं डावीकडं वळत होता, तिथं नारिंगी जाकिटातला एक माणूस सोसायटीची प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर शर्यतीत धोका दाखवायचा पिवळा झेंडा.

"बाई, इथंच थांबा," तो म्हणाला.

"का?"

"गाड्या येतायत. सगळे तुम्हाला बघून ब्रेक मारतात."

"मग इथं पाटी लावा."

"लावलीय." त्यानं दाखवली. मोठी, पांढरी, ठळक आकड्यांची. "कुणी बघत नाही. तुमची सवय झालीय सगळ्यांना."

"माझ्या बहिणीला आत नेतायत."

"असेल," तो म्हणाला. त्यानं हे वाईटपणानं म्हटलं नाही. "पण तुम्ही दाराबाहेर गेलात तर त्यांनी वळायचं कशावर?"

"रस्त्यावर. रस्ता वळलाय, त्यांना दिसत नाही का?"

त्यानं जरा विचार केला. "असं कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला आणि झेंडा या मांडीवरनं त्या मांडीवर घेतला.

फोन पुन्हा वाजला. भाचीचाच होता; तिनं तो आईच्या तोंडाशी धरला असावा. नुसता श्वास ऐकू येत होता, मध्ये अडकणारा. मग उषाताई म्हणाली, "कुंदे, जिना चढतीयस का गं?"

"उतरतेय, ताई," कुंदा म्हणाली.

तिनं फोन पिशवीत टाकला आणि वळणाची पांढरी रेघ ओलांडली. नारिंगी माणूस उठून उभा राहिला, पण त्यानं तिला हात लावला नाही. चपलांच्या स्टँडमध्ये तिच्या चपला होत्या. ती त्या घालायला थांबली नाही.

मागं धावपट्टीच्या टोकाला ठिपके दिसू लागले होते. ते मोठे होत गेले, आवाज एकात एक मिसळत गेला. सगळ्यांच्या पुढं जयसिंगराव होते, हनुवटी टाकीवर टेकवलेली, दुखरा गुडघा बाहेर, डोळे थेट तिच्यावर. त्यांनी हँडलवरचा एक हात उचलून तळवा दाखवला. थांब.

कुंदानं कडी काढली. बाहेर जिना होता, नेहमीएवढाच, कोपऱ्यात शेजाऱ्यांची कुंडी. इंजिनांचा आवाज जराही उतरला नव्हता. मागच्यांना वळता आलं नाही तर वाट असावी म्हणून तिनं दार पार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, पायानं पायपुसणं बाजूला सारलं आणि पहिली पायरी उतरली.