सन्मानाने जगण्याचा खर्च

परभणीत तीन माणसांचं घर सन्मानानं चालवायला महिन्याला बारा हजार चारशे रुपये लागतात. हा आकडा उद्धव मास्तरांना तोंडपाठ होता, कारण तो एवढा खाली त्यांनीच आणला होता.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेने इथल्या मंगल कार्यालयात वीसेक माणसं जमवली. माणसाला चारचौघांत मान खाली न घालता जगायला काय काय लागतं, ते गावच्याच लोकांनी ठरवायचं होतं. त्याचा तक्ता होणार आणि कर्जात बुडालेल्यांचे हप्ते त्यावरून बसणार. कर्जात बुडालेले म्हणजे दुसरे कुणीतरी, असं तिथं बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं. मास्तरांच्या डोक्यावर तेव्हा दोनच कर्जं होती.

पुण्याच्या लोकांपुढं आपण उधळे दिसू नये, ही आपली जुनी खोड. दिवाळीला सगळ्यांना कपडे, असं कुणीतरी म्हणालं तर किराणावाले बन्सीधरशेठ म्हणाले, "एकाआड एक करा की." मग उलटा लिलावच सुरू झाला. फळं गेली, पाहुण्यांचा चहा अर्धा झाला. शिक्षणाची पाळी आली तेव्हा, बाहेरगावी शिकणाऱ्या लेकराची खोली आणि मेस, या ओळीवर मास्तर उठले.

"आमी वालूरहून सेलूला सायकलवर जाऊन शिकलो. खोली ही चैन हाय."

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या केशरबाई तेवढ्या बोलल्या, "मास्तर, पोरीनं रोज सायकलवर कुठवर जावं?"

"बाई, इच्छा असली की माणूस शिकतो."

टाळ्या पडल्या. ओळ कटली. केशरबाईंनी पोहे संपवले.

पुढं मास्तरांची पोरगी ईश्वरी नांदेडला नर्सिंगला लागली. मास्तरांची शाळा आधी विनाअनुदानित होती, मग वीस टक्क्यांवर आली, मग चाळीस. शंभर टक्के होईल तेव्हा आपण निवृत्त झालेलो असू, असा स्टाफरूमचा अंदाज होता. पगार अठरा हजार, बायकोच्या, अंबिकाच्या, शिलाईचे पाच. दोनाची तीन कर्जं झाली, हप्ते तेराच्या घरात गेले, आणि वसुलीवाला मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येऊन बसायला लागला. त्याला चहा द्यावा लागायचा. मग मास्तर त्याच संस्थेच्या कर्ज सल्ला केंद्रात आले.

तिथल्या सल्लागार उत्तरा मॅडमनी कागद पुढं सरकवला. "तेवीस हजारातून तक्त्याचे बारा हजार चारशे तुमच्या घराला, सर. उरलेले दहा हजार सहाशे हप्त्याला. फायनान्सवाले तयार आहेत."

"ईश्वरीच्या खोलीचे न् मेसचे साडेचार हजार कुठं धरले?"

"धरता येत नाहीत. तक्त्यात ती ओळच नाही."

"नाही म्हणजे?"

"होती. चर्चेत काढली." त्यांनी जुनी फाईल उघडली. "कुणी काढली ते वाचू?"

"नको."

मॅडमनाही वाचायचं नसावं. त्यांनी फाईल लगेच मिटली.

"ही एक ओळ घाला, मॅडम. पोरीची दोन वर्षं राहिलीत."

"सर, हा तक्ता तुमच्यासारख्याच माणसांनी केलाय, म्हणून तर फायनान्सवाले मानतात. मी माझ्या मनानं ओळ वाढवली की सगळ्यांचेच हप्ते पुन्हा पहिल्यासारखे. दुरुस्ती आता तीन वर्षांनी." त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "रोज ये-जा केली तर रेल्वेचा पास धरता येतो."

"सकाळी सातला वॉर्डात हजर व्हावं लागतं. सुटता सुटता रात्रीचे आठ."

यावर तक्त्यात काही नव्हतं. मास्तरांनी सही केली आणि व्हरांड्यात येऊन ईश्वरीला फोन लावला.

"झालं का, बाबा?"

"झालं. दहा सहाशेवर आणलं."

"चांगलं झालं की."

"तुझ्या खोलीचं तेवढं त्यात बसंना."

"बसणार न्हाईच. मी खोलीवाल्या मावशींना मागच्या रविवारीच सांगितलं, पुढच्या महिन्याअखेर सोडते म्हणून. महिनाभर आधी न्हाई सांगितलं तर डिपॉझिट बुडवतात त्या."

"मागच्या रविवारी? मी तर आज आलो इथं."

"तुमी चारचौघांत माझ्यासाठी पैसे मागणार न्हाईत, बाबा. मला काय आज कळलं का ते?" तिच्या आवाजात राग नव्हता. पेशंटला पथ्य सांगावं तशी बोलत होती. "कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला तुमी या मात्र. पालकाची सही लागती."

मास्तरांना सांगायचं होतं, मागितले गं, मागितले. पण किती वेळा, असं तिनं विचारलं असतं तर एकदा म्हणावं लागलं असतं.

तेवढ्यात उत्तरा मॅडम दारात आल्या. "सर, सहीखाली तारीख राहिली."

"येतो," मास्तर फोनमध्ये म्हणाले, आणि तारीख टाकायला आत गेले.