देवकाबाईची पाळी

१९५६ च्या ऑक्टोबरात मी पांढुर्ण्याच्या आसपासच्या विहिरींची खोली मोजत होतो. महिनाअखेर राज्यांची फेररचना होणार होती. सरकारी नोकरांना राज्य निवडायचं होतं; मी मुंबई राज्य मागितलं होतं, कारण नागपूर तिकडे जात होतं आणि नागपुरात उर्मिला होती, जिच्याशी माझं लग्न ठरलं होतं. सावरगावची एकच विहीर उरली होती.

संत्र्याच्या बागेमागची ती विहीर गावाहून जुनी. तिचं पाणी कोणी काढत नसे. शेजारच्या झोपडीत देवकाबाई एकटी राहायची. भर दुपारी तिनं काठावरचा ओला गोटा उचलून आत सोडला. मी घड्याळ लावलं. दोन सेकंदांनी आवाज आला. म्हणजे चौसष्ट फूट.

"रोज टाकता?"

"टाकत नाई बाबू, परत करते. तो वर पाठवते, मी खाली."

"तो कोण?"

"माह्या सासूलेबी माईत नव्हतं. पोळ्याच्या पाडव्याले जाम नदीवर दोन काठांची गोटमार पाह्यली ना? गोटे चालू हायेत तवरी कोणी पार होत नाई. हेबी तसंच." मग म्हणाली, "लगन झाल्यापासून एक दिवस माहेरी राह्यली नाई मी. तुमी बसा जरा. बोलाले कोणी नसते."

मी बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी गोटा पुन्हा काठावर होता. काठ कोरडा, गोटा ओला. मला तो फोडून पाहायचा होता. देवकाबाई चुलीपाशी होती. मी गोटा पिशवीत घातला आणि तेवढाच दुसरा, बाटलीतल्या पाण्यानं भिजवून, तिथं ठेवला.

तिनं तो सोडला. दोन सेकंद गेले. दहा गेले. आवाज आला नाही.

"हा त्याचा नोहता," ती हळूच म्हणाली. "बाबू, तुमी घेतला का?"

"नाही," मी म्हणालो.

सकाळी झोपडीचं दार उघडं होतं. चूल थंड. विहिरीपासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे आले होते. ते तिचे नव्हते; एकेक पाऊल माझ्या हातभर लांब होतं. परत जाताना मात्र जमिनीवर फक्त काहीतरी ओढल्याची रेघ होती, आणि काठावर तिची एक वहाण.

पिशवीतला गोटा अजून ओलाच होता. मी तो विहिरीत सोडला. दोन सेकंद, आणि आवाज. मी तिथंच बसून राहिलो. दुसऱ्या दुपारी गोटा वर आलेला होता.

एक नोव्हेंबरला खात्यातले माझे सोबती नागपूरला रुजू झाले. उर्मिलेला मी कळवलं की मोजणी संपलेली नाही. झोपडी मीच झाडतो. कधी कधी मोठ्यानं आकडे वाचतो, आवाज ऐकू यावा म्हणून.

पंधरा दिवस दोन सेकंद भरत होते. काल एक पूर्णांक आठ दशांश भरले, म्हणजे बावन्न फूट. कार्तिकात विहिरीचं पाणी उतरतं, चढत नाही.