ज्या संध्याकाळी मी वाजले नाही

मित्रांनो, घंटा म्हटली की तुम्हाला शाळा सुटल्याचा आनंद आठवत असेल. माझ्या नशिबी तसला आनंद नव्हता. मी एका सेवा क्लबची जुनी पितळी घंटा आहे, लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. माणसांना गप्प बसवणे हे माझे काम होते, आणि ते मी इमानाने केले.

माझा जन्म एका ओतारी कारागिराच्या भट्टीत झाला. त्याला जरा कमी ऐकू यायचे. मला साच्यातून काढून, घासूनपुसून त्याने वाजवले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारले, "कशी वाजते गं?"

"झोपलेलं बाळ उठवलंत!" आतून त्याची बायको ओरडली.

"मग झकास झाली," तो म्हणाला आणि त्याने मला कागदात गुंडाळले. माझे पहिले कौतुक ते असे.

आमच्या क्लबची खोली बाजाराच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या माडीवर होती. लाकडी जिना, घडीच्या खुर्च्या, एक लांब टेबल, एक कपाट आणि भिंतीवर एक घड्याळ, बस्स. सभासद म्हणजे आसपासचीच माणसे. दातांच्या डॉक्टरीणबाई अध्यक्ष होत्या. एक बांधकामाचे ठेकेदार होते, एक मुख्याध्यापिका होत्या, बाकी दुकानदार. वर्षभर ही मंडळी थोडा थोडा निधी जमवायची आणि वर्षातून एका संध्याकाळी तो गावातल्या छोट्या छोट्या गटांना अनुदान म्हणून वाटायची. मोठ्या संस्थांना मोठे दाते भेटतात. पण अंध माणसांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्यांना कोण विचारतो? असे गट त्या संध्याकाळी यायचे. कोणाला गाण्यासाठी पेटी हवी असायची, कोणाला विणायला लोकर. जिना त्या दिवशी अगदी दमून जायचा.

पहिल्याच वर्षी झाडे लावणाऱ्या गटाचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि बी रुजण्यापासून सुरुवात करून जंगलापर्यंत पोहोचले. बाकीच्या गटांची पाळी येईपर्यंत अर्धी माणसे पेंगत होती. म्हणून नियम झाला की प्रत्येकाला पाच मिनिटे. नियम आला, मग मी आले.

मला वाजवायचे काम काटेकाकांकडे आले. त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे. शेजारीच त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. घड्याळाचे काटे आणि बोलण्यातले काटे, दोन्हींमुळे हे नाव त्यांना शोभायचे. घड्याळांसाठी ठेवलेल्या मऊ फडक्याने ते मला पुसायचे आणि माझा लोळा ज्या कडीला लटकतो तिला तेलाचा थेंब द्यायचे. तसे लाड पुढे कोणी केले नाहीत.

पण वेळेच्या बाबतीत ते कोणाचे नव्हते. गाणाऱ्या मंडळींचे मास्तर एकदा गयावया करत म्हणाले, "काका, मुख्य मुद्दा राहिलाय हो!"

"पाच मिनिटांत आला नाही, तो सहाव्यात कशाला येईल?" काका म्हणाले आणि त्यांनी मला आणखी एकदा हलवले.

एका वर्षी त्यांची सख्खी लेक आली. तिच्या मैत्रिणी दवाखान्यातल्या मुलांसाठी मोडकी खेळणी दुरुस्त करायच्या. तिचे वाक्य अर्ध्यावर असताना मी वाजले. लेकीने बापाशी आठवडाभर अबोला धरला, पण गावात क्लबची पत वाढली. इथे वशिला चालत नाही, असे लोक म्हणू लागले. मला त्याचा केवढा गर्व! बोलता बोलता माणसे माझ्याकडे चोरून बघायची, आणि मी टेबलावर ताठ बसायचे.

आणि मग ती संध्याकाळ आली.

बेकरीवाल्या ताई आपल्या भावाबरोबर आल्या होत्या. त्यांचे पाव गावभर जायचे, पण त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. भट्टीपाशी ताई आणि गल्ल्यावर भाऊ, अशी त्यांची वाटणी होती. ताई बोलताना अडखळायच्या. त्यांच्यासारखी आणखी काही माणसे दर रविवारी बागेतल्या बाकावर जमायची आणि एकमेकांशी बोलायची. येणारेजाणारे थांबून ऐकायचे, हसायचे, पोरे नकला करायची. म्हणून त्यांना बसायला खोली हवी होती, आणि तिच्या भाड्यासाठी ताई क्लबकडे आल्या होत्या.

भाऊ उठला. ताईंनी त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवले आणि स्वतः पुढे आल्या.

"अगं, मी सांगतो ना पटकन," भाऊ कुजबुजला.

त्यांनी मान हलवली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "आ... आ..." म्हटले, आणि तिथेच अडकल्या. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलत राहिले, पण शब्द येईना. मागे कोणीतरी खुदकन हसले. मुख्याध्यापिकाबाईंनी मान वळवून पाहिले तेव्हा ते हसू विझले.

ठेकेदार मनाचे चांगले. त्यांना राहवले नाही. "आम्हाला? आम्हाला मदत हवी, असंच ना?" ते म्हणाले.

ताईंनी पुन्हा मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आ... आ... आम्ही..."

घड्याळाचा काटा सरकत होता. मी तो रोज बघायचे, पण इतका आगाऊ तो मला कधीच वाटला नव्हता. पाच मिनिटे भरली तेव्हा ताईंची जेमतेम दोन वाक्ये झाली होती. काटेकाकांचा हात माझ्या मुठीवर आला. त्यांनी मला उचलले. सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. भावाने डोळे मिटून घेतले. ताईंनीही मला पाहिले, पण त्या थांबल्या नाहीत.

मी वाजणारच होते. तेवढ्यात काकांच्या दुसऱ्या हाताची दोन बोटे माझ्या पोटात शिरली आणि त्यांनी माझा लोळा घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मलाच गप्प बसवले.

"काका, वेळ झाली," ठेकेदार हळूच म्हणाले.

"घड्याळ दिसतंय मला," काका म्हणाले. "तुम्ही ऐका."

त्यांनी मला मांडीवर आडवे ठेवले. बोटे मात्र काढली नाहीत. आणि ताई बोलत राहिल्या. मधे मधे लांबलचक शांतता पडायची, खालच्या दुकानातले खोके सरकवल्याचा आवाज यायचा, पण खुर्ची कोणी वाजवली नाही. त्या जे बोलल्या ते मी अडखळणे वगळून सांगते, कारण ते तसे सांगता येते.

"आम्ही औषध मागत नाही. कोणी शिकवायला या, असंही म्हणत नाही. आम्हाला फक्त एक खोली हवी आहे, जिथे आमचं वाक्य दुसरं कोणी पुरं करणार नाही."

त्या बसल्या. ठेकेदारांनी खाली मान घातली.

पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. फुटबॉल शिकवणारा दांडगा गडी तटकन उभा राहिला. "छान! आम्हाला मात्र टण्णकन घंटा! हा कुठला न्याय?"

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "तुम्हीही बोला. आज कोणालाच घंटा नाही."

गड्याने छाती फुगवली, दोन मिनिटे बोलला, आणि आता आणखी काय सांगायचे ते न सुचून बसला. मंडळी खो खो हसली. तोही हसला. त्या दिवशी कोणीच वेळेबाहेर फारसे गेले नाही, हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

सगळे पांगल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, लेकीला नाही सोडलंत. आज काय झालं?"

काका मला पुसत होते. "बाकीचे वेळ संपली तरी बोलत होते," ते म्हणाले. "तिचं बोलणं वेळ संपली तेव्हा कुठे सुरू झालं."

ठेकेदारांचे म्हणणे पडले की भाडे हा दरवर्षीचा खर्च, एकदा अनुदान देऊन भागायचे नाही. तेही खरेच होते. तेव्हा बाई म्हणाल्या, "आपली खोली रविवारी रिकामीच असते ना? कुलूपच तेवढं बसून असतं." अशी त्यांना आमचीच खोली मिळाली. जे थोडे अनुदान दिले त्यातून लांबून येणाऱ्यांचे बसभाडे भागू लागले.

मित्रांनो, खरे सांगू? माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस ते रविवार होते, आणि त्यात मी एकदाही वाजले नाही. मी खिडकीत बसून ऐकायचे. एक बस कंडक्टर यायचा. 'प'ने सुरू होणारे सगळे थांबे त्याला छळायचे. एक तरुण बाबा यायचा. त्याला 'कोल्हा' म्हणता येत नसे, म्हणून तो मुलीला गोष्ट सांगताना कोल्ह्याचा लांडगा करायचा. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, आपल्याकडे सगळ्या गोष्टींत लांडगाच का असतो?" हे सांगताना तो इतका हसला, की हसण्याच्या भरात 'कोल्हा' बोलून गेला. मग स्वतःच चपापला. ताईंनी टाळ्या वाजवल्या, आणि तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला.

ताई बऱ्या झाल्या असे मी सांगणार नाही. त्या आजही अडखळतात. पण पुढे त्या गल्ल्यावर उभ्या राहू लागल्या आणि भाऊ भट्टीपाशी गेला. पहिले काही दिवस पाव करपले, असे ऐकले.

मग काटेकाकांची नजर अधू झाली. दुकान बंद करून ते परगावी लेकीकडे राहायला गेले. निघताना त्यांनी मला शेवटचे पुसले आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिले. "मूठ ढिली झालीय हिची. एक पाचर मारून घ्या." बाई हो म्हणाल्या, आणि विसरल्या. वेळ मोजायला मोबाइल आले. मी जुन्या फलकांच्या मागे कपाटात गेले. एके दिवशी मूठ निखळली, ती कुठे गेली कळले नाही. अंगावर हिरवट डाग चढले. दार उघडायचे तेव्हा वाटायचे, आता मऊ फडके येईल. यायचा तो झाडू.

सभासद म्हातारे झाले, नवे आले नाहीत. क्लब मिटला. ताईंची माणसे बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांमध्ये जमू लागली. खोली रिकामी करायच्या दिवशी, तळ्यावर मुलांना पोहायला शिकवणारी एक तरुणी जुन्या खुर्च्या न्यायला आली. तिने मला भंगारातून उचलले आणि वरच्या खुंटाला धरून हलवले. इतक्या वर्षांनी मी बोलले. कर्कश, पण बोलले.

"अगंबाई!" ती म्हणाली. "माझी शिट्टी वाऱ्यात विरते. ही पैलतीराला जाईल."

तिने मला चिंचेच्या कोळाने घासले, तुटक्या वल्ह्याच्या दांड्याची नवी मूठ बसवली. तेव्हापासून मी तळ्याच्या काठी असते.

मुलांनो, तुम्ही मला पाण्यातून आल्या आल्या ओल्या हातांनी वाजवता, ते मला आवडते. फक्त नंतर कोरड्या फडक्याने पुसा. आणि तुमच्यातला कोणी बोलताना अडला, तर त्याला शब्द पुरवू नका. त्याचा शब्द येतोच आहे.

पूर्वी मी वाजले की माणसे गप्प व्हायची. आता मी वाजते आणि तळ्यातून डोकी वर येतात. मुले काठावर गोळा होतात, कुडकुडत, निथळत, सगळी एकदम बोलत. कोणाचे काय चालले आहे ते कोणालाच कळत नाही. मला मात्र सगळे ऐकू येते.